अण्णा आणि काळीचा रिव्हर्स

मी सोपानअण्णांच्या गाडीचा रिव्हर्स गिअर दुरुस्त करून घेतला. त्यांना न विचारता, त्यांना आनंद व्हावा म्हणून.

आमच्यात आजही कुणी चांगल्या हेतूनं एखाद्या गोष्टीचं वाटोळं केलं की बाकीचे आधी माझ्याकडे बघतात आणि मग त्या माणसाला म्हणतात, "मधूसारखं केलंस." आमच्यात म्हणजे भोर, नसरापूर, वेल्हे या पट्ट्यात जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आम्हा लोकांत. आमच्या मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. अण्णा होते तोवर अध्यक्षाची गरज पडली नाही. पुण्याच्या बाजूला अशा मंडळींचे टी-शर्ट असतात म्हणे. आम्ही एकदा टोप्या शिवून घेतल्या होत्या. अण्णांनी स्वतःची टोपी आमच्यासमोर दुमडून काळीच्या बॅटरीखाली घातली, बॅटरी हलत होती म्हणून. टोप्यांचा विषय तिथंच संपला.

काळी म्हणजे त्यांची गाडी. स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती, रंगानं काळी. गुंजवण्याच्या त्यांच्या घरी दावणीला जी म्हैस होती तीही काळीच, पण तिला नाव वेगळं होतं. हे नाव गाडीचं. भोरच्या एका वकिलांकडून अण्णांनी ती तरुणपणी घेतली. त्या वेळी त्यांच्याकडे भाताची खाचरं होती, बैल होते आणि घरापर्यंत रस्ता नव्हता. गाडी काही महिने ओढ्याच्या अलीकडे एका वडाखाली उभी राहिली आणि अण्णा रोज संध्याकाळी तिच्यात बसून घरी परत यायचे, चालत. हे मला काकींनी सांगितलं. काकी म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांनी सांगितलं तेव्हा अण्णा समोरच बसले होते. ते म्हणाले, "रस्ता येणारच हुता. गाडी आदी आली येवढंच."

तर या काळीला रिव्हर्स नव्हता. कधीतरी फार पूर्वी त्या गिअरचे दाते गेले आणि अण्णांनी ते पुन्हा बसवले नाहीत. पैसे नव्हते म्हणून नाही, भाग मिळत नव्हता म्हणूनही नाही. आधी राहून गेलं, नंतर सवय झाली, आणि शेवटी तो त्यांचा स्वभाव झाला. दांडा डावीकडे वर सरकवला की रिव्हर्सची खाच लागायची, पण पुढं काहीच घडायचं नाही. इंजिन चालू आणि गाडी जागच्या जागी गप्प. मग अण्णांनी त्या खाचेला विश्रांतीची जागा करून टाकलं. वाटेत कुणाशी बोलायला थांबले की दांडा खाचेत, क्लचवरचा पाय वर आणि हात मोकळे तंबाखू मळायला. शेजारी बसून मी हे शंभर वेळा तरी पाहिलं असेल. हे लक्षात ठेवा, कारण नको त्या दिवशी मी ते विसरलो.

गाडी मागं जात नाही म्हटल्यावर अण्णांचा सगळा भूगोल वेगळा होता. आपण गाव ओळखतो ते देवळावरून, नाहीतर तिथल्या पाहुण्यांवरून. अण्णा ओळखायचे ते वळायच्या जागेवरून. कुठल्या गावात खळं मोठं आहे, कुठल्या शाळेच्या मैदानाला दोन्हीकडून वाट आहे, कुठं पिंपळाला वळसा घालता येतो, हे त्यांना तोंडपाठ. त्यातल्या दोन जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहेत. पण त्या बाजूनं जाताना अण्णा पाण्याकडे बोट करून सांगायचे, "हितं एका दमात वळायची." लग्नाची पत्रिका आली की आपण तारीख बघतो. अण्णा विचारायचे, "कार्यालयाला फाटकं दोन हायत का?" एकच असेल तर आहेर काकींबरोबर एसटीनं जायचा.

एकदा मार्गासनीच्या पुढं अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली. त्या वाटेवरचे जुने ड्रायव्हर काळी दिसली की आपणहून बस मागं घ्यायचे. हा नवीन होता. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ आजोबा, घ्या की मागं."

"येत न्हाई," अण्णा म्हणाले.

"येत नाही तर चालवता कशाला?"

"मला येतंय. तिला येत न्हाई."

ड्रायव्हरला ही थट्टा वाटली आणि त्यानं बस बंद केली. अण्णांनीही गाडी बंद केली, खिशातून शेंगा काढल्या आणि निम्म्या मला दिल्या. शेंगा संपत आल्या तेव्हा कंडक्टर खाली उतरला. मागोमाग दोनतीन बाप्ये आणि माळव्याच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका. सगळ्यांनी मिळून काळीला मागं लोटायला घेतलं. अण्णा आत, स्टिअरिंगवर, मान बाहेर काढून. मी शेजारच्या सीटवर तसाच बसून होतो. मी पाहुणा आहे असं मला वाटत होतं.

"तू कुठला पाव्हणा?" अण्णा म्हणाले. "उतर."

रुंद जागा येईपर्यंत एका बाईनं काकींचं माहेर कुठलं ते विचारून घेतलं होतं, आणि तिच्या मावशीचं गाव तेच निघालं. तिनं पाटीतली मेथीची जुडी काढून मागच्या सीटवर टाकली. एसटी निघून गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "पुढं जायाला इंजिन पुरतं मधू. मागं यायाला माणसं लागत्यात." मी हे त्यांचं नेहमीचं बोलणं समजून सोडून दिलं. माझं लक्ष तळहाताला लागलेल्या काळ्या वंगणाकडे होतं.

घरीही तीच तऱ्हा. काळीची शेड आळीच्या टोकाला. सकाळी गाडी सरळ बाहेर पडायला हवी, तर संध्याकाळी ती उलटी आत जायला हवी. म्हणून अण्णा घरी आले की आळीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न द्यायचे. ज्याच्या हातात काम नसेल तो बाहेर यायचा. कुणी दूध काढून हात पुसत, कुणी मोबाईल कानाला लावून एका हातानं. त्या आळीतली दोन घरं बांधाच्या वादामुळे एकमेकांशी बोलत नव्हती. पण काळीच्या दोन दिव्यांना दोघं रोज खांदा लावायची. बोलत नसत, लोटत मात्र बरोबर असत.

आमच्या मंडळात अण्णांचे नियम दोनच. पहिला, आपल्या गाडीबद्दल आपण बोलायचं नाही. एकत्र जमलो की प्रत्येकानं शेजारच्याच्या गाडीची चांगली गोष्ट सांगायची. याचा मला फार त्रास व्हायचा. माझी पांढरी ही मंडळातली सगळ्यात तरुण गाडी, आणि तिच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असायचं. पण माझ्या शेजारी कायम शिवऱ्याचे रज्जाकभाई असायचे. त्यांचं हायवेला गॅरेज. ते पांढरीकडे बराच वेळ बघत आणि म्हणत, "टायर चांगले आहेत."

दुसरा नियम असा की आपल्या गाडीचा सुटा भाग आपल्या डिकीत ठेवायचा नाही. तो दुसऱ्याच्या डिकीत. रज्जाकभाईंचे प्लग अण्णांकडे, माझा पाण्याचा पाईप रज्जाकभाईंकडे, आणि काळीचा फॅनबेल्ट माझ्याकडे. कुणी एकटं पुढं निघून जाऊ नये म्हणून. वेल्ह्याला निघालो असताना एकदा काळीचा पट्टा तुटला. सगळे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी डिकी उघडली, आतल्या चिंध्या उगाच वरखाली केल्या. पट्टा कुठं आहे ते मला आठवलं होतं. माझं भोरच्या बाजारात भांड्यांचं दुकान. आदल्या दिवशी मी त्या पट्ट्यानं स्कूटरवर एका गिऱ्हाईकाचं पातेलं बांधलं होतं, आणि पट्टा पातेल्याबरोबर गेला होता.

अण्णा चिडले नाहीत. माझ्या कमरेकडे बघत म्हणाले, "कातडी हाय का?"

रज्जाकभाईंनी माझा पॅन्टचा पट्टा कापला, तारेनं शिवला आणि काळीला चढवला. बैलगाडीच्या वेगानं आम्ही वेल्ह्याला पोचलो. तिथं लोकांनी गाड्या बघितल्या, फोटो काढले. सगळ्या फोटोंत मी एका हातानं पॅन्ट धरून उभा आहे. अण्णांनी त्या दिवशी नियम मोडून मुद्दाम माझ्याबद्दल चार शब्द सांगितले. "ह्यो मधू. ह्येच्या कमरंवर आमची गाडी आली."

आता त्या दिवसाचं.

अण्णांना सहस्रचंद्रदर्शन झालं, म्हणून आम्ही वेल्ह्याच्या मैदानावर छोटा कार्यक्रम ठरवला. सगळ्यांनी शाल आणि नारळ सुचवला. मला ते किरकोळ वाटलं. काळी तेव्हा ब्रेकच्या कामाला रज्जाकभाईंच्या गॅरेजमध्ये होती. मी तिथं गेलो आणि म्हणालो, रिव्हर्सही बसवून टाका.

रज्जाकभाईंनी पाना खाली ठेवला. "अण्णांना विचारलं?"

"विचारलं तर सरप्राईज कसलं?"

"बघा हां," ते म्हणाले. त्यांनी बऱ्याच खटपटीनं दाते असलेलं ते छोटं चाक मिळवून बसवलं. गाडी मागं-पुढं करून बघितली. मागं जाताना काळी नव्या सुनेसारखी लाजत जात होती. मी टाळ्या वाजवल्या.

यात एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती, आणि तिचं वजन मी धरलं नव्हतं. अण्णांचा मुलगा विलास शिरवळला कंपनीत आहे. वडिलांनी या वयात गाडी चालवू नये असं त्याचं म्हणणं, आणि ते काही वावगं नव्हतं. आदल्या दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर बापलेकांत बोलणं झालं होतं. अण्णांनी आम्हा सगळ्यांसमोर त्याला शब्द दिला होता, "माझ्या हातनं येक वरखडा जरी उठला, किल्ली तुझी." काळी काढायची नाही म्हणजे अण्णांचं पासलीच्या बहिणीकडे जाणं बंद, मंडळ बंद, आळीच्या तोंडाशी हॉर्न बंद. हे सगळं एका ओरखड्यावर आलं होतं.

कार्यक्रमाला रज्जाकभाईंनीच काळी मैदानावर आणून उभी केली. तिच्या मागं पहिल्या नंबरला माझी पांढरी. ती जागा मी भांडून मिळवली होती. भाषणं झाली. माझं भाषण सगळ्यात शेवटी, फेरीनंतर ठेवलं होतं, आणि त्यात मी भेट जाहीर करणार होतो. अण्णा गाडीत बसले, म्हणजे आता सगळ्या गाड्यांना घेऊन वेल्ह्यातून एक फेरी. काकींनी काळीला ओवाळलं, मागच्या बाजूनं वळसा घेतला आणि त्या बाजूला झाल्या. अण्णांनी इंजिन चालू केलं. तेवढ्यात कुणीतरी खिडकीतून हार पुढं केला. अण्णांनी दांडा नेहमीच्या खाचेत सरकवला, पाय वर घेतला आणि हार घ्यायला दोन्ही हात बाहेर काढले.

काळी मागं गेली. बऱ्यापैकी जोरात गेली. पांढरीचा दिवा आणि पुढची जाळी आत गेली, काळीचं मागचं मडगार्ड चेपलं. काकी ताट घेऊन जिथून गेल्या होत्या तिथं आता दोन गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. विलास त्या जागेकडे बघत होता.

अण्णा उतरले. गळ्यात हार तसाच. त्यांनी मागं जाऊन मडगार्डवर हात फिरवला, मग आत वाकून दांड्याकडे बघितलं, मग रज्जाकभाईंकडे, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. माझ्या हातात भाषणाचा कागद होता.

"अण्णा, मी..." मी म्हणालो.

"गप," अण्णा म्हणाले. त्यांनी किल्ली काढली आणि विलासच्या हातात ठेवली. "हातनं माझ्याच झालं."

शाल आणि नारळ कुणीच आणला नव्हता. मीच नको म्हटलं होतं.

पुढचे काही आठवडे काळी शेडमध्ये. मी मधूनमधून जायचो. अण्णा सकाळी तिला पुसून काढायचे, पण आत बसायचे नाहीत. शब्द दिला होता तो चालवण्यापुरता की बसण्याचाही, हे त्यांनी स्वतःशीच कडक ठरवलेलं दिसत होतं. ते माझ्याशी पावसाचं बोलले, भाताचं बोलले. काकींनी मला चुलीजवळ बोलावून घेतलं.

"जेवत्यात, झोपत्यात. बोलत न्हाईत. आदी लई बोलायचे तवा म्या वैतागायची." त्यांनी भाकरी उलटली. "संध्याकाळी आळीतली माणसं उगं बाहेर येऊन हुबी ऱ्हात्यात. हॉर्न न्हाई, काय न्हाई. तुमी केलंय न्हवं? तुमीच निस्तरा."

मी रज्जाकभाईंकडे गेलो आणि रिव्हर्स काढून टाका म्हणालो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझ्याकडं गिऱ्हाईक नादुरुस्त करून घ्यायला पहिल्यांदा आलं." पण शेडमध्ये येऊन चाक काढलं. मडगार्डही ठोकून दिलं.

मग शिरवळला जाऊन मी विलासला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "म्हणजे रिव्हर्स होता म्हणून गाडी मागं गेली."

"हो."

"आणि ते खाचेत टाकून उभे राहतात, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"माझ्या आईच्या अंगावर आली असती ती." त्यानं मोबाईलमध्ये वार बघितला. "रविवारी येतो. मी शेजारी बसणार. पासलीला आत्याकडं जाऊन येऊ. मग ठरवतो. तुम्हीही या. मागं बसा."

मी मागं बसलो, आरोपीसारखा. वाटेत विलास रस्त्यापेक्षा अण्णांच्या हाताकडेच जास्त बघत होता. वेल्ह्याच्या पुढं चढावर एक शेळ्यामेंढ्यांचा कळप आडवा आला. अण्णा सपाटीला थांबले. दांडा खाचेत. विलासचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला. अण्णांनी पाय वर घेतला. काळी नुसती थरथरत उभी राहिली, आणि अण्णांनी दोन्ही हातांनी तंबाखू मळली. शेवटची मेंढी गेली. विलासचा हात अजून तिथंच होता.

पासलीला घोटाळा झाला. अण्णांची वळायची जागा, शाळेमागचं खळं, तिथं आता सिमेंटची पाण्याची टाकी उभी होती. अण्णांनी गाडी बंद केली आणि ओळखीच्या माणसानं ओळख दिली नाही की आपण बघतो तसं टाकीकडे बघितलं.

"आता?" विलास म्हणाला.

अण्णांनी दोनदा हॉर्न दिला. पासलीला हा हॉर्न ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांची बहीण दारातून ओरडली, "दादा आला बगा, लोटायला चला," आणि भातलावणी चाललेल्या आवणातून चिखलाच्या पायांनी माणसं आली. विलास पांढऱ्या शर्टात उतरला. तो लहानपणी आळीत काळीला हात लावत नसे, मित्रांसमोर लाज वाटायची म्हणून. हे त्यानंच मला लोटता लोटता सांगितलं. शेजारी आत्या, पलीकडे दोन भाऊबंद. अण्णा आत, मान बाहेर. "डावीकडं. आजून. आत्ता सोडा."

चहा पिऊन निघताना विलासनं हात धुतले. शर्टावर काळ्याचा पंजा उठला होता. तो अण्णांना म्हणाला, "पुढच्या वेळेला आधी आत्याला फोन करत जा. जागा शिल्लक आहे का विचारा."

अण्णांनी मान हलवली. पुढच्या वेळेला, असं तो म्हणाला होता. किल्ली गाडीलाच होती, ती तिथंच राहिली.

त्यानंतर अण्णांनी काळी पुष्कळ चालवली, पण दरवेळी शेजारी कुणीतरी. बहुतेक विलास. मंडळात त्यांनी माझ्या भेटीचा विषय कधी काढला नाही. काढलेलं ते दात्यांचं चाक मात्र मला देऊन टाकलं. म्हणाले, "तुज्या डिकीत ठिव. काळीचं हाय." नियमाप्रमाणं ते योग्यच होतं.

शेवटचं बघितलं ते सुगी उरकल्यावर. अण्णा बारीक झाले होते, स्वेटर मोठा दिसत होता. आम्ही नुसते धरणापर्यंत जाऊन आलो होतो, ऊन होतं म्हणून. आळीच्या तोंडाशी त्यांनी हॉर्न दिला, दोनदा. माणसं आली. ती दोन अबोल घरंही आली. विलास एका दिव्याला, मी दुसऱ्या कोपऱ्याला. अण्णा आत, पण या वेळी मान बाहेर काढली नव्हती. तेवढं वळणं त्यांना जड जात असावं. समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते नुसतं गाडीच्या हलण्यावरून अंदाज घेत होते. काळी मागं मागं शेडच्या सावलीत शिरत होती. आधी मागची काच गेली, मग टप, मग अण्णा. काचेआड त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसत राहिली.

संक्रांतीच्या आत ते गेले. मला मात्र ती टोपी दिसते आणि आतून आलेला तो आवाज ऐकू येतो, मान न वळवता, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा:

"सगळीकडनं जोर बराबर येतोय. येवढा उजवा कोपराच मोकळा हाय. विलास, बग रं, मधू नुसता हात लावून चाललाय."